पडद्यावर गेलेला रुमाल

आमचे हे सिनेमात काम करणार आहेत, ही बातमी भालकीभर व्हायला एक दिवसही लागला नाही आणि ती पसरवण्यात सगळ्यात मोठा हात माझाच होता. आधीच कबूल करून टाकते. पुढं माझी जी काही शोभा झाली, तिचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

ह्यांचं बिदर जिल्ह्यात, भालकीच्या बाजारात आडत दुकान आहे. शेतकऱ्यानं तूर, हरभरा, सोयाबीन आणून टाकायचं आणि ह्यांनी ते खरेदीदाराला विकून द्यायचं. मी गावापलीकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर शिक्षिका. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तेव्हापासून घरात दोनच माणसं, आणि भिंतीपलीकडं माझी थोरली जाऊ. जावेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मधली भिंत चांगली जाड आहे, पण अक्कांच्या कानाला ती कधी आडवी आलेली नाही.

माझा स्वभाव घाईचा. राग नाकाच्या शेंड्यावर आणि शब्द जिभेच्या. हे त्याच्या अगदी उलट. दुकानात मोठमोठ्यानं चेष्टामस्करी करतील, पण घरात पाऊल टाकलं की एक वाक्य सुरू करणार आणि मध्येच पुढचा शब्द शोधत थांबणार. मला तेवढा दम कुठला? "आज म्हणलं..." असं ते म्हणाले की मी म्हणायची, "वांगी करावीत. केलीत." "त्या पोरीला..." की मी म्हणायची, "फोन लावायचाय, मीच लावते." बहुतेक वेळा माझं बरोबरच निघायचं. नवऱ्याच्या मनातलं ओळखणारी बायको म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. तेही मान डोलवायचे आणि गप्प बसायचे.

आता रुमालाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

पूर्वी आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव बोलायचा. भोवती पन्नास माणसं उभी, पण कुणाला पत्ता लागत नसे. तोंडानं दोघंही वाट्टेल ते ओरडायचे, "न्हाई परवडत अण्णा, जावा तिकडं!" आणि खाली सौदा केव्हाच झालेला असायचा. या कामाचे दोन नियम होते. उघड्यावर कुणाचा हात धरायचा नाही. आणि तोंड खोटं बोललं तर चालेल, रुमालाखाली बोटांनी खोटं बोलायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी हा दुसरा नियम मोडणाऱ्या एका खरेदीदाराशी मरेपर्यंत हात मिळवला नाही, आणि तो त्यांचा सख्खा साडू होता.

सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, तो रुमाल ह्यांच्या खांद्यावर आला. पांढरा, तांबड्या काठाचा, हातभर रुंद. घरात कुणी त्याला ओले हात पुसलेले चालत नसत. धुवायचे तेही स्वतः. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी लाडात येऊन म्हटलं होतं, मला ती बोटांची भाषा शिकवा की. तर हसून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, बायकांना शिकवत न्हाईत. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही, मलाही नाक आहे की. मग बाजारात कॉम्प्युटर आला. भाव यंत्रावर लागायला लागले आणि रुमालाचं काम संपलं. त्या दिवशी हे घरी आले, खुंटीजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आज म्हणलं..." मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालू झाला. माहितीये, पेपरात आलंय. हातपाय धुवा, भाकरी निवायलीय." ते हातपाय धुवायला गेले. रुमाल पेटीत गेला.

तर येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली शेतपूजेची अमावस्या, होऊन आठवडा झाला होता. बाजारात तुरीचा हंगाम, पाय ठेवायला जागा नाही. बंगळूरहून एक मुलगी आली होती. आखूड केस, सतरा खिशांची पँट, आणि कन्नड, दखनी, मोडकं मराठी असं तिन्ही एकाच वाक्यात बोलणारी. तीन दिवस ती बाजारात नुसती फिरत होती. ह्यांना तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल बघताना तिनं पाहिलं आणि म्हणाली, मला हाच माणूस पाहिजे. ती सिनेमाची दिग्दर्शक होती.

संध्याकाळी हे घरी येऊन म्हणाले, "एक पोरगी आलती. पिक्चर काढायलीय. आडत्याचं काम हाय, ती मला..."

"विचारायलीय. मग करा की! विचारायचं काय त्यात?"

"न्हाई, त्येच्यात जरा..."

"कॅमेऱ्याची भीती वाटते. काही वाटत नाही. करा म्हणते मी."

एवढं बोलून मी भिंतीजवळ गेले आणि अक्कांना हाक मारली. ते वाक्य त्या दिवशी अर्धंच राहिलं. "जरा" च्या पुढं काय होतं, हे मला कळायला पुढं दोन वर्षं लागली.

शूटिंग बिदरच्या बाहेर कोळारला झालं. तिथल्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी लॉजची खोली उभी केली होती. आडत्याच्या कामाला लॉजची खोली कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी त्या वेळी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटत होते. ह्यांनी पेटी उघडून रुमाल नेला, तोही मी पाहिला. पोशाखाला लागत असेल म्हटलं. दोन दिवसांनी हे परत आले ते नेहमीपेक्षा गप्प. "काय करायचं होतं?" विचारलं तर म्हणाले, "बसायचं. बोलायचं."

सिनेमा परदेशात कुठं कुठं दाखवून झाला आणि मग एका रविवारी सकाळी गुलबर्ग्याला एका कॉलेजच्या सभागृहात लावला. आम्हाला मानानं आमंत्रण. मी, अक्का, शाळेतल्या दोघी बाई आणि हे, असे पाच जण पहाटेच्या गाडीनं निघालो. मी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली इरकल नेसले होते, आणि ह्यांनी शूटिंगला नेलेला तो रुमाल खांद्यावर टाकला होता. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. ह्यांनी मात्र वाटेत पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. कमलापूरला गाडी थांबली की खिडकीतून लाल केळ्यांची फणी घेतल्याशिवाय हा माणूस पुढं जात नाही, आणि त्या दिवशी केळीवालीनं दोनदा हाक मारूनही ह्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, नट झाल्यावर माणसाची भूक जात असेल.

सभागृहात त्या मुलीनं ह्यांना पुढच्या रांगेत स्वतःजवळ नेऊन बसवलं. आम्ही चौघी तिसऱ्या रांगेत. सिनेमा लागायच्या आधी ती माईकवर दोन शब्द बोलली. म्हणाली, ही एस्कॉर्टचं काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. पैसे घेऊन ती पुरुषांना सोबत करते. पण तिच्याकडं येणाऱ्या बहुतेकांना, खरं म्हणजे, कुणीतरी ऐकून घेणारं पाहिजे असतं.

अक्का माझ्या कानाशी लागल्या. "म्हंजी तसली?"

"तसलीच," मी म्हटलं.

"मग आपल्या ह्येचं काय काम त्येच्यात?"

"बाजार दाखवायचा असेल. तुरीचा भाव सांगायचा असेल." मी इतक्या खात्रीनं म्हटलं की शाळेतल्या दोघींनीही मान हलवली.

सिनेमा लागला. बाई चाळिशीची, चष्मेवाली, साधा सुती ड्रेस घातलेली. पहिला बराच वेळ ती आरशासमोर बसून केस विंचरत होती. नुसती विंचरत होती. गाणं नाही, बोलणं नाही. अक्कांनी दोनदा जांभई दिली आणि शेवटी मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साकु की गं! हिचं डोस्कं कवा विंचरून व्हायचं?" सगळे हसले. मागच्या एका म्हाताऱ्यानं कन्नडमध्ये दुजोरा दिला, "हौदु अक्का, साकु." हो, पुरे झालं.

मी आधी अंग चोरून बसले होते, शाळेतल्या बाई शेजारी म्हणून जरा जास्तच. पण हळूहळू ती बाई मला आवडायला लागली. तिच्याकडं एक वही होती, त्यात कुणाला काय ऐकायला आवडतं ते ती लिहून ठेवायची. एक ठेकेदार यायचा, त्याला साखरेच्या गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून रागवून घ्यायचं असायचं, कारण रागवणारी बायको वारली होती. ती चष्मा खाली करून त्याला अशी झापायची की मलाच शाळेतली आठवण झाली. एक तरुण साहेब यायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा. ती तोवर शेंगा सोलत बसायची, आणि तो उठला की मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवायची. सगळे निघून गेल्यावर चपला काढून, पाय लांब करून, डोळे मिटून बसायची. पोरं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात मी अशीच बसते. दिवसभर पगार घेऊन दुसऱ्याचं ऐकायचं काम मीही करतेच की, असं माझ्या मनात आलं. आणि कुणी तिला कमी समजलेलं मला खपेनासं झालं.

तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं. बाईनं उघडलं. दारात आमचे हे.

सभागृहात कुजबुज झाली. शाळेतल्या दोघींनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं आणि एकाच वेळी मान फिरवली. अक्का म्हणाल्या, "अगं बाई! ह्यो हितं कामून आला?" मी पदर नीट केला, जणू पदराचाच काहीतरी प्रश्न होता.

पडद्यावर हे खुर्चीच्या कडेला बसले, सोयरिकीला गेल्यावर बसतात तसे. बाईनं विचारलं, "तुमाला काय पायजे?" हे म्हणाले, "काय न्हाई. तुमी बसा." मग बाईनं आपला हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. ह्यांनी त्या हाताकडं बघितलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, तिच्या हातावर पसरला, आणि त्याखाली आपला हात घातला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईकडं गेले ते सिनेमातलं होतं, ते मला कळत होतं, मी काही अडाणी नाही. पण रुमाल खरा होता! तांबड्या काठाचा, सासऱ्यांचा, ज्याला मी कधी हात पुसला नाही तो. एकोणतीस वर्षं मला ज्याच्याखाली हात घालू दिला नाही, तो त्यांनी एका परक्या बाईच्या हातावर टाकला, आणि तोही अख्ख्या गुलबर्ग्यासमोर. तेव्हाच मला रडू येत होतं, पण पुढं ते बोलायला लागले.

"घरी बोलायला कुणी न्हाई आसं न्हाई," ते म्हणाले. "हाय की. लई हुशार हाय. पर म्या आर्धं बोललो की पुढलं ती पुरं करती. बरोबरच करती, चूक न्हाई करत. मग म्हणलं, आपून कशाला बोलावं?" मग थोडं थांबले. पडद्यावरच्या बाईनं त्यांना थांबू दिलं. "ह्यो रुमाल बंद झाला बघा, त्या दिवशी मला सांगायचं होतं. आप्पाचा हात ह्येच्याखालीच धरला हुता म्या, पयल्यांदा शिकलो तवा. त्येंचा हात पुन्यांदा सुटल्यावानी वाटायलंय, येवढंच सांगायचं हुतं. ती म्हणली, पेपरात आलंय."

अक्कांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. मी सरळ समोर बघत राहिले. मला लाज वाटली, सिनेमाची नाही, स्वतःची. आणि रागही आला, की हे मला सांगायचं सोडून पडद्याला सांगितलं.

सिनेमा संपल्यावर प्रश्नोत्तरं झाली. एका विद्यार्थ्यानं विचारलं, रुमालाची कल्पना कुणाची? दिग्दर्शक मुलगी हसायला लागली. म्हणाली, आम्ही फक्त सांगितलं होतं, तिचा हात हातात घ्या. काकांनी स्वतःच रुमाल टाकला. उघड्यावर हात धरायची रीत नाही म्हणाले. मग तिनं ह्यांनाच विचारलं, त्या दिवशी बोटांनी तिला काय सांगितलंत? हे उठून उभे राहिले, मागं वळून कुठंतरी तिसऱ्या रांगेकडं बघितलं आणि म्हणाले, "काय सांगणार? तिला कुठं समजायलंय? सवयीनं तुरीचा भाव दाबला." सभागृह हसून हसून लोटपोट झालं.

मी हसले नाही. कारण लगेच दुसऱ्या कुणीतरी विचारलं, ते बोलणं लिहिलेलं होतं का? मुलगी म्हणाली, नाही. मनाला येईल ते बोला म्हटलं होतं आणि कॅमेरा चालू ठेवला. काका अकरा मिनिटं बोलले. आम्ही तीन ठेवली.

अकरा मिनिटं! या माणसाला माझ्यासमोर सलग एक मिनिट बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती बाकीची आठ मिनिटं कुठं आहेत, असं उठून विचारावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर लोक ह्यांच्याबरोबर फोटो काढत होते. मी लांब झाडाखाली उभी. अक्का येऊन म्हणाल्या, "काई म्हण, पोरगं चांगलं बोललं. त्येला बोलता येतंय हेच मला ठावं नव्हतं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "तुलाबी नव्हतं जणू." शाळेतल्या दोघी सिनेमातल्या बाईच्या अभिनयाबद्दल फार आवडीनं बोलत होत्या, इतक्या की ह्यांचा विषय निघायला जागाच राहू नये. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

परतीच्या गाडीत त्या तिघी पुढं बसल्या आणि मी मागं खिडकीशी. हे दारात उभे राहिले, बसू का नको अशा विचारात. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, जागा हाय की तिथं, बसा." बसले. कमलापूरला ह्यांनी खिडकीतून हात काढून केळ्यांची फणी घेतली, एक सोललं आणि माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही. मग त्यांनीच खाल्लं, पण अर्धंच.

"रागावलीस," ते म्हणाले.

"रुमालावरून," मी म्हटलं. "त्या बाईचं मला काही नाही. पण मी तीनदा मागितला होता."

"दोनदा," ते म्हणाले. "तिसऱ्या खेपेला तू इचारलंच न्हाईस. म्या वाट बघत हुतो."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि माझा हात धरला. भर दुपारी, सरकारी गाडीत, अक्का पुढच्या सीटवर असताना! मी इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. हे एक बोट, हे दोन, हा पंजा म्हणजे पाच. मनगट हलवलं की न्हाई. अंगठा तळव्याच्या मधोमध दाबला की पटलं, सौदा पक्का. शिकवताना ते एकदाही अडखळले नाहीत. मी हुशार विद्यार्थिनीसारखी सगळं करून दाखवलं आणि दोनदा चुकले, तर हसले माझ्यावर. मलाही हसू आलं. राग कुठं गेला ते कळलं नाही, पण एक खडा होता तो होताच.

"मी विचारते," मी म्हटलं, "तुम्ही बोटांनी सांगा. तोंडानं नाही."

त्यांनी मान हलवली.

"ती बाई चांगली होती?"

अंगठा, लगेच. मी त्यांच्या दंडाला कोपर मारलं.

"माझी भाजी चांगली असते?"

अंगठा आला, पण जरा थांबून. आम्ही दोघंही इतके हसलो की अक्कांनी मागं वळून बघितलं.

मग मी खरं ते विचारलं. हळू विचारलं. "तुम्हाला घरी बोलायला कुणी नाही, असं वाटतं?"

हुमनाबादचा फाटा दिसायला लागला होता. त्यांचा हात बराच वेळ तसाच राहिला. मनगट हलेल म्हणून मी वाट बघत होते, खरं सांगायचं तर देवाला विनवत होते. तोंडानं विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हट्, काईतरीच! पण रुमालाखाली खोटं बोलायचं नाही. अंगठा दाबला गेला. जोरात नाही. पण दाबला गेला.

मला रडू आलं आणि मी रडले, खिडकीकडं तोंड करून. हात मात्र मी काढून घेतला नाही, आणि त्यांनीही सोडला नाही. हुमनाबादला गाडी थांबली, माणसं चढली उतरली. गाडी पुन्हा सुटल्यावर ते म्हणाले, "मला वाटायलंय..."

आणि थांबले.

पुढचं मला माहीत होतं. चहा घ्यायला हवा होता, स्टँड मागं गेलं, असं ते म्हणणार होते. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी जीभ चावली. अक्षरशः चावली, भालकीपर्यंत दुखत होती. एक गाव गेलं. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. ते अजून शब्द शोधत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शोधू दिला.

"मला वाटायलंय," ते म्हणाले, "तुला आठवत नसंल. लग्न लावताना जंगमांनी तुझा हात माझ्या हातात दिला, वर शेला टाकला. माझी आपली सवय, म्या हळूच बोट दाबलं. तू लगेच अंगठा दाबलीस. बराबर मधोमध. म्या तवाच म्हणलं, ह्या पोरीला सगळं न सांगता समजतंय. आता काई बोलायचं काम न्हाई."

चहाचा त्यात काही संबंध नव्हता.

मला ते मुळीच आठवत नव्हतं. त्या दिवशी मी इतकी घाबरले होते की जो हात मिळाला तो आवळून धरला, अंगठा कुठं लागला ते मला काय ठाऊक? तेच सांगायला मी तोंड उघडलं. एकोणतीस वर्षं हा माणूस एका घाबरलेल्या पोरीच्या अंगठ्यावर भरवसा ठेवून गप्प बसला होता. पण ते तोंडानं सांगावंसं मला वाटेना.

रुमालाखाली मी त्यांचा तळवा चाचपला, मध्य शोधला, आणि अंगठा दाबला. या वेळी मला अर्थ माहीत होता.